नेकबँड, गाडीचा स्टिरिओ आणि अँड्रॉइड फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेअरिंग, म्हणजे फोनशी पहिली जोडणी, होत नाही म्हणून नेकबँड (गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ इअरफोन) परत करणाऱ्यांनी आधी एक बघावं. चालू केला की तो ओळखीच्या जुन्या फोनला जाऊन चिकटतो, म्हणून नव्या फोनच्या यादीत दिसत नाही. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. नेकबँड बंद असताना पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. बहुतेक मॉडेलांत लाल-निळा दिवा आळीपाळीने लुकलुकतो, मग फोनवर शोधा. गाडीच्या जुन्या स्टिरिओने पिन मागितला तर ००००, नाहीतर १२३४.

गाणी नेकबँडवर पण कॉल फोनवरच येत असेल, तर फोनच्या ब्लूटूथ यादीत नेकबँडच्या नावाशेजारच्या गिअरच्या चिन्हात जाऊन 'कॉल'चा पर्याय चालू करा.

खरी डोकेदुखी म्हणजे आवाज तुटणं. ब्लूटूथ आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर, आणि पुण्यात पेठांतल्या इमारतींत घरटी एक राउटर. तरी क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गजबजलेले चॅनल टाळतं, त्यामुळे घरात फारसं अडत नाही. अडवतं ते आपलं शरीर. अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं. मागच्या खिशातला फोन म्हणूनच त्रास देतो. तो वरच्या खिशात ठेवा. उघड्यावर हे जास्त जाणवतं, कारण तिथे लहरी परतवायला भिंती नसतात.

एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून गाणी जास्त बारकाव्यांसह पाठवायची पद्धत) ९९० केबीपीएसवर, म्हणजे सर्वांत जास्त वेगावर, ठेवून संध्याकाळी पुण्याच्या गर्दीच्या जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्टेशनात गाणी ऐकायची हौस नको. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल', तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ६६० किंवा ३३० निवडा. गर्दीत फरक कानाला कळत नाही, तुटणं मात्र कळतं. आवाज एकदम मोठा किंवा एकदम बारीक होत असेल तर तिथलंच 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करून बघा.

मीटिंगमध्ये माइक सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तो बिघाड नाही. कॉलसाठी ब्लूटूथ वेगळं, कमी दर्जाचं मोनो प्रोफाइल (आवाज पाठवायची पद्धत) वापरतं. ॲपमध्ये माइक फोनचा निवडता आला तर ऐकू नीट येतं.

नेकबँडच्या खोक्यावरचं आयपीएक्स४ हे पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन म्हणजे शिंतोडे सोसणारा, जुलैतला पाऊस नव्हे. ओल्या पोर्टला चार्जर लावू नका.

आणि फोन रीसेट केल्यावर स्टिरिओ जोडला जात नसेल, तर नोंद दोन्हीकडून पुसा. फोनमध्ये 'फर्गेट' केलं तरी स्टिरिओच्या यादीत जोडणीची जुनी 'की' (ओळखीचा गुप्त संकेत) तशीच राहते आणि तो नवी जोडणी नाकारतो.