तालुक्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) स्कोलिन ठेवायचं की रोक्युरोनियम?

विदर्भात तालुक्याच्या गावी ओटी सुरू करताय आणि स्नायू सैल करायला कोणतं इंजेक्शन ठेवावं हे ठरत नाहीये? मग आधी तुमचे पेशंट कोण आहेत ते बघा.

घाईत श्वासनलिकेत नळी टाकायला दोनच पर्याय आहेत: स्कोलिन (सक्सिनिलकोलिन) आणि रोक्युरोनियम. स्कोलिन किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम दिलं की मिनिटभरात जबडा सैल होतो आणि पाच-दहा मिनिटांत असर उतरतो. शिवाय स्वस्त. भरल्या पोटी सिझेरियनला आलेल्या बाईसाठी मी आजही तेच उचलते. पण रक्तातलं स्यूडोकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम स्कोलिनला तोडतं, आणि कपाशीवरच्या ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाने नेमकं तेच बंद पडतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरू शकत नाही. असा पेशंट येतो तेव्हा कपड्यांना औषधाचा वास, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मांडीचे स्नायू आधीच फडफडत असतात. त्याला स्कोलिन दिलं तर श्वास काही तास परत येत नाही. भाजून एक-दोन दिवस उलटलेल्या पेशंटलाही ते नकोच. पोटॅशियम एकदम चढून हृदय बंद पडू शकतं.

अशा वेळी रोक्युरोनियम. किलोमागे १.२ मिलिग्रॅमला वेग जवळजवळ स्कोलिनचाच. विषबाधेत डोस थोडा जास्त लागू शकतो. मात्र असर तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. तो असर उलटवणारं सुगामाडेक्स महाग. ते नसेल तर बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक कांडी) आणि एलएमए (नळी जमली नाही तर घशात बसवायचा मास्क) हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. (स्कोलिन लवकर उतरतं म्हणून निर्धास्त राहू नका, तेवढ्यातही ऑक्सिजन खाली जातो.)

माझं मत: पैसे कमी असले तरी दोन्ही ठेवा, आणि फवारणीच्या दिवसांत रोक्युरोनियम संपू देऊ नका. दोन्हींना फ्रिज लागतो, तेव्हा इन्व्हर्टर आधी घ्या.

सावकाशीच्या केसला व्हेक्युरोनियम पुरतं. पावडर असल्याने फ्रिजची कटकट नाही. किडनी किंवा लिव्हर खराब असेल तर ॲट्राक्युरियम घ्या. ते शरीराच्या तापमानाला बरंचसं आपोआप विघटित होतं.

विषबाधेच्या पेशंटला शेवटी असर उलटवायला निओस्टिग्मिन देऊ नका, तेही कोलिनएस्टरेजच अडवतं. व्हेंटिलेटरवर ठेवा आणि स्वतःचा श्वास भक्कम येईपर्यंत नळी काढू नका.