कॅम न्यूटन की जो फ्लॅको: कोणाचं परतणं जास्त गोड?

आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) फसला की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना जुना लाडका आठवतो. कॅरोलिना आणि क्लीव्हलँड, दोघांनी तो खरंच परत आणला.

कॅरोलिनाच्या पँथर्सनी 2021 मध्ये जेट्स संघाकडून क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड घेतला. पहिले तीन सामने जिंकले, मग घसरगुंडी, वर खांद्याची दुखापत. नोव्हेंबरमध्ये न्यूटन परतला, 2015 चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), याच संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेणारा. अ‍ॅरिझोनाविरुद्ध पहिल्याच दोन स्नॅपवर (चेंडू हाती येताच) दोन टचडाउन (फुटबॉलमधला ‘गोल’च म्हणा), एक पळून, एक पास देऊन, आणि हेल्मेट काढून ‘मी परत आलोय’ अशी आरोळी! सामना 34-10 ने खिशात. त्यानंतर त्याने सुरुवात केलेले पाचही सामने गेले. न्यूटनचा खांदा पूर्वीचा राहिला नव्हता, आणि समोरची बचावफळी कुणाच्या आठवणींना भीक घालत नाही.

क्लीव्हलँडच्या ब्राउन्सची जखम महागडी होती: क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला करारात 23 कोटी डॉलर, सगळे हमीचे. 2023 मध्ये तो जायबंदी झाल्यावर अडतीस वर्षांचा फ्लॅको आला, पाचपैकी चार सामने जिंकून संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत घेऊन गेला. पण 2025 मध्ये तोच पुन्हा आला तेव्हा चारपैकी एकच विजय, आणि ऑक्टोबरात थेट सिनसिनाटीला रवानगी, तीही त्याच विभागातल्या प्रतिस्पर्ध्याकडे.

गुणतक्त्यात फ्लॅकोच सरस. मला मात्र न्यूटनचा तो एक रविवार हवा; फ्लॅको क्लीव्हलँडचा पाहुणा होता, न्यूटन घरचा.