छोट्या होडीवर फिश फाइंडर : सेन्सर फळीला लावावा, पोटात चिकटवावा की दांडीला बांधावा?

मावसभावाने नवी बावीस फुटी फायबरची होडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला, "दादा, फिश फाइंडर पाच इंची घेऊ की सात इंची?" मी त्याला उलट विचारलं, "ओहोटीला तुझी होडी कुठे असते?"

पडद्याचा आकार शेवटी ठरवायची गोष्ट आहे. मासा आणि तळ शोधतो तो पाण्यातला ट्रान्सड्यूसर. तो खाली आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटतं. आपल्याकडे सगळे त्याला सेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. यंत्रासोबत येणारं माहितीपुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलेलं असतं, त्यांच्या बोटी जेट्टीला बांधलेल्या असतात किंवा ट्रेलरवरून घरी जातात. आपली लहान होडी वाळूवर ओढली जाते, नाहीतर खाडीत नांगरलेली असली तर ओहोटीला चिखलात बसते. होडी जमिनीला टेकली की पहिला मार सेन्सरला लागतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी सेन्सरची जागा निवडावी.

मागच्या फळीवर

बहुतेक यंत्रांसोबत येणारा सेन्सर हा याच जागेसाठी असतो. बसवायला सोपा, पाण्याशी थेट संबंध, त्यामुळे प्रतिध्वनी पूर्ण ताकदीने मिळतो आणि पाण्याचं तापमानही खरं कळतं. तळाचं छायाचित्रासारखं दृश्य किंवा दोन्ही बाजूंचं दृश्य दाखवणारा महागडा सेन्सर घेतलात, तर त्याला उघडं पाणीच लागतं.

जागा मात्र नेमकी हवी. इंजिनाच्या पंख्यापासून किमान 38 सेंटिमीटर लांब. पंखा मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजव्या बाजूला, कारण तिथे पातं खाली जातं आणि बुडबुडे कमी उठतात. फायबरच्या होडीत सेन्सरचा तळ होडीच्या तळापेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली असावा. वर राहिला तर वेगात हवा मिसळलेलं पाणी त्याच्याखालून जातं आणि पडदा कोरा होतो. फार खाली गेला तर तुषार उडतात आणि ओढ वाढते.

भोकं पाडताना घाई करू नका. फायबरच्या मागच्या फळीच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपलं की दोन-तीन वर्षांत ते कुजतं आणि ज्या फळीवर इंजिन टांगलंय तीच मऊ पडते. त्यावर चांगला उपाय म्हणजे भाजी कापायच्या पाटासारखा जाड पांढरा प्लास्टिकचा तुकडा एकदाच नीट सील करून फळीवर बसवायचा आणि सेन्सरचे स्क्रू त्या तुकड्यात घ्यायचे. पुढे सेन्सर वर-खाली करावा लागला तरी फळीला नवं भोक पडत नाही.

आता या जागेचा खरा दोष. सेन्सरच्या पट्टीला समोरून धक्का बसला तर ती वर उचलली जाते, तशी सोय कंपनीने दिलेली असते. होडी वाळूवर घेताना त्यामुळे निभावतं. पण होडी पाण्यात उतरवताना आपण ती मागे लोटतो. तेव्हा जोर मागून येतो आणि पट्टीला त्या दिशेने वळताच येत नाही. माझा पहिला सेन्सर असाच गेला. पहाटे अंधारात चौघांनी होडी लोटली, चाक वाळूत रुतलं, मागची बाजू खाली बसली आणि 'कट्' आवाज आला. पट्टीचे दोन्ही कान तुटले होते, केबल तेवढी शाबूत होती. हंगाम ऐन भरात होता आणि नवा सेन्सर यायला तीन आठवडे लागले.

तुमची होडी जेट्टीला किंवा खोल पाण्यात मुरिंगवर (कायमच्या नांगराला बांधलेली) राहत असेल, तर निर्धास्तपणे मागची फळी निवडा. रोज वाळूवर घेत असाल तर पुढचं वाचा.

पोटात, आतून चिकटवलेला

भरीव फायबरमधून आवाज आरपार जातो. म्हणून सेन्सर होडीच्या आत, तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो. बाहेर काहीच नाही, म्हणजे वाळू, दगड, जाळ्याची दोरी, कशाचीच भीती नाही. फायबर पार करताना थोडी ताकद खर्च होते, तापमान पाण्याचं न दिसता होडीच्या तळाचं दिसतं आणि छायाचित्रासारखी दृश्यं मिळत नाहीत. आपल्या पाच ते वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर) पाण्यात ही ताकद कमी पडल्याचं मला जाणवलं नाही.

अट एकच, फायबर त्या जागी भरीव हवं. दोन थरांमध्ये फोम किंवा प्लायवूड असेल तर आवाज तिथेच अडकतो. नाण्याने ठोकून पाहा. भरीव जागी टणटणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. पण नाण्यावर भरवसा ठेवून इपॉक्सी ओतू नका, पिशवीची चाचणी करा. जाडसर प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, सेन्सर तोंड खाली करून त्यात बुडवा, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता रबरबँडने बांधा. होडीचा तळ ओला करून पिशवी त्यावर दाबून धरा आणि पडदा बघा. मग तोच सेन्सर कडेवरून थेट पाण्यात धरून बघा. दोन्ही वेळा खोली तीच आणि तळाची रेघ जवळपास तितकीच ठळक दिसली की जागा पक्की. रेघ फिकी झाली किंवा नाहीशी झाली तर पिशवी वीतभर सरकवा. ही चाचणी धक्क्याजवळच्या एक वाव पाण्यात करू नका. जिथे मासेमारी करता तेवढ्या खोल पाण्यात जाऊन करा.

जागा होडीच्या मागच्या तिसऱ्या भागात, कण्याच्या बाजूला असावी. वेगात नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलली जाते तेव्हाही तिथला तळ पाण्यात असतो. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, ॲसिटोनने पुसा. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारी घ्या. पाच मिनिटांत आवळणारी बुडबुडे आत कोंडते. ढवळताना फेस होऊ देऊ नका. सेन्सर ठेवताना किंचित पिळत दाबा, म्हणजे खालची हवा निघून जाते. रात्रभर हात लावू नका. सिलिकॉन वापरायचा मोह टाळा, ते रबरासारखं असल्याने आवाज गिळतं.

माझ्या होडीत हा सेन्सर आता चौथ्या हंगामात आहे. लाकडी होडीला मात्र हा मार्ग बंद, लाकडातून आवाज नीट जात नाही.

तळाला भोक पाडून

हे मोठ्या, कायम पाण्यात राहणाऱ्या नौकांचं काम आहे. चित्र सर्वांत स्वच्छ मिळतं, पण ओढल्या जाणाऱ्या होडीला हा प्रकार लावूच नये. लाकडी नौकेला लावायचा तर ब्रॉन्झचाच घ्या. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकचा घेर त्या दाबाने तडकतो. मग गळती थेट तळातून.

दांडीला बांधून

लाकडी होडी असेल, होडी भाड्याची असेल किंवा अजून मन ठरत नसेल, तर इंचभर जाडीचा लोखंडी पाइप घ्या, खालच्या टोकाला सेन्सर लावा आणि होडीच्या कडेला शिकंजाने आवळा. पाण्याच्या जोराने पाइप मागे झुकतो, म्हणून खालच्या टोकापासून नाळेकडे एक दोरी ताणून बांधा. तीन-चार नॉटपर्यंत चित्र छान येतं, कारण इंजिन आणि पंख्याचे बुडबुडे लांब असतात. वेग घ्यायचा झाला की पाइप उचलायचा. वैतागाचं काम आहे खरं, पण उचलायला विसरलात तर पाइप वाकतो.

पाण्यात टाकायचा चेंडूसारखा सेन्सरही मिळतो, तो फोनवर चित्र पाठवतो. तलावात किंवा धरणाच्या थोपलेल्या पाण्यात काठावरून गरवायला (गळाने मासे धरायला) तो चांगला आहे. समुद्रात खारा तुषार, उन्हात न दिसणारा फोनचा पडदा आणि ओढीला वाहून जाणारा चेंडू, यात अर्धा वेळ जातो. होडीसाठी मी तो सुचवणार नाही.

50 की 200?

दुकानात 50 आणि 200 किलोहर्ट्झ अशी आवाजाच्या वारंवारतांची जोडी दाखवतात आणि जास्त खोलीचा आकडा सांगून महाग यंत्र गळ्यात मारतात. 50 किलोहर्ट्झचा आवाज शेकडो मीटर खोल जातो, पण बारकावा कमी दाखवतो. 200 उथळ पाण्यात बारीकसारीक वेगळं करून दाखवतो. दहा वाव म्हणजे सुमारे 18 मीटर पाणी. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो, म्हणजे तळाला लागून परत यायला त्याला 24 मिलिसेकंद पुरतात. एवढ्या पाण्यात 200 भरपूर झाला. एकाच आवाजाऐवजी वारंवारतेचा पट्टा सोडणारं चर्प तंत्र असेल तर ते घ्या, तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. मोठ्या पडद्यापेक्षा मी त्यावर पैसे घालीन.

आवाजाचा कोनही विचारा. 20 अंशांचा कोन दहा वावांवर सुमारे सव्वासहा मीटर रुंद जागा बघतो, 45 अंशांचा जवळपास 15 मीटर. रुंद कोनात मासे जास्त दिसतात, पण ते डावीकडे आहेत की उजवीकडे हे पडदा सांगत नाही आणि कडेचा मासा खऱ्यापेक्षा खोल दाखवतो. मालवणसारख्या खडपाच्या (पाण्याखालच्या खडकांच्या) पाण्यात मी अरुंद कोन पसंत करतो, कारण खडपाची कड नेमकी सापडते.

कुठला मासा दिसतो, कुठला नाही

विकत घेण्याआधी हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. माशाच्या अंगातून येणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. घोळीचं भोत परदेशात सोन्याच्या भावाने जातं, ते भोत म्हणजे हीच पिशवी. 1948 साली जपानच्या नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र पहिल्यांदा व्यवहारात आणलं, तेव्हापासून हे यंत्र पाण्यातली हवाच शोधत आलं आहे.

घोळ, तारली, बांगडा पडद्यावर ठळक येतात. सुरमईला ही पिशवी नसते. पापलेटला, बोंबलाला, मुशीलाही नसते. त्यांची खूण फिकी, कित्येकदा दिसतच नाही.

म्हणून तुम्ही जाळ्याने पापलेट धरत असाल, तर मासा दिसेल या आशेने महाग यंत्र घेऊ नका. तुम्हाला खोली आणि तळ कळला की पुरे. जाळं खडपात अडकून फाटलं नाही तरी यंत्राची किंमत वसूल होते. सुरमई गरवणाऱ्याने सुरमई शोधायची नाही, तारली-बांगड्याचा थवा आणि त्याच्या खालची खडपाची कड शोधायची. थवा ढगासारखा दिसतो. तो एकाएकी आवळून तळाकडे किंवा वर सरकला की त्याच्यामागे कुणीतरी लागलंय असं समजून मी आमिष सोडतो.

पडदा वाचायची सवय लागायला महिना जातो. उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं, डावीकडे सरकलेलं सगळं मागे पडलेलं. नांगर टाकून उभे असाल तर एकच मासा खाली थांबून लांब रेघ काढत राहतो, ती रांग नव्हे. कठीण तळ जाड दिसतो आणि दुप्पट खोलीवर त्याची दुसरी सावली उमटते. चिखल पातळ, फिका. खात्री करायची तर जुनी रीत आहेच, शिशाच्या वजनाच्या तळाला ग्रीस लावून दोरीने सोडा, वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा चिकटून येतो. पहिल्या महिन्यात हे रोज केलंत तर डोळा तयार होतो. खोलीचं माप फॅदमवर ठेवा, एक फॅदम म्हणजे एक वाव.

जीपीएस असलेलंच यंत्र घ्या, यात तडजोड नको. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेकडून मराठीतही मिळणारी संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि पाण्याच्या रंगावर बेतलेली असते. ती आपल्याला त्या भागात नेते. तिथे पोचल्यावर खाली काय आहे ते यंत्राने बघायचं आणि सापडलेल्या जागेची खूण जीपीएसवर टाकायची.

वीज

दोरी ओढून चालू होणाऱ्या इंजिनाला बॅटरी नसते. पाच इंची यंत्र साधारण अर्धा ते एक अँपिअर खातं. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी निम्मी वापरायची ठरवली तर साडेतीन ते सात तास निघतात. सात इंचीला 12 अँपिअर-तासांची घ्या. इंजिनाला बटण स्टार्ट असेल तरी यंत्राला वेगळी बॅटरी द्या, नाहीतर स्टार्ट मारताना व्होल्टेज पडून ते बंद पडतं. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. सेन्सरची केबल कापू नका, जास्त असेल तर गुंडाळून ठेवा आणि इंजिनाच्या वायरींपासून दूर न्या. पडद्यावर तिरक्या तुटक रेघा दिसल्या तर आधी तिथे बघा, मग शेजारच्या होडीच्या यंत्राकडे.

जून-जुलैच्या बंदीत पडदा काढून घरी आणा, पिनांना व्हॅसलिन लावा. बाहेरच्या सेन्सरवर शेवाळ आणि बारीक शिंपले धरतात, ते ओल्या फडक्याने काढा, सुरीने खरवडू नका.

मावसभावाची होडी वाळूवर येते, तळ भरीव आहे आणि तो सुरमई गरवतो. त्याला मी पाच इंची, चर्प आणि जीपीएस असलेलं यंत्र सांगितलंय, सेन्सर पोटात. रविवारी सकाळच्या भरतीला आम्ही पिशवी घेऊन आठ वाव पाण्यात जाणार आहोत.