पॅरिशचं पत्रक छापायला राजवाड्यामागचं प्रेस: मराठी पानासाठी चार तारे, घडी आणि शनिवारच्या घाईसाठी एक वजा

चर्चचं पत्रक म्हणजे ए-४ कागदाची एक घडी, चार पानं. रविवारची वाचनं, आठवड्याच्या मिस्सांच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळा, लग्नाच्या घोषणा, आजाऱ्यांची नावं, झालंच तर महिला मंडळाची सूचना. एवढं काम इंदुरात कुणीही छापून देतं. त्यातलं एक पान मराठी हवं म्हटलं की मात्र बहुतेक ठिकाणी गाडी अडते. या प्रेसची शिफारस आहे ती त्या एका पानापायी.

इथल्या ऑपरेटरांचा हात हिंदीवर आणि कृतिदेव या जुन्या हिंदी फॉण्टवर बसलेला असतो. त्या फॉण्टात ळ आहे, पण बोट तिकडे जात नाही आणि शाळेची शाला होते. ‘येणाऱ्या रविवारी’मधला ऱ्या तर त्यात नीट बसतच नाही. घरून युनिकोडमध्ये टाइप करून नेलं, तर पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरात नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. या प्रेसमध्ये पेजमेकर नाही, इनडिझाइन आहे. तरी पहिल्या प्रूफात ‘ख्रिस्त’ हा शब्द आधी शोधा. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसेल तर वेलांटी भलतीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षर पाय मोडून सुटं होतं. सांगितलं की ऑपरेटर तेवढं बदलून देतो, कुरकुर नाही. त्याहून निर्धोक म्हणजे मराठी पान घरीच लावून, फॉण्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच बसवून, पीडीएफ द्यायची. हे लोक ती पीडीएफ उघडून ‘सुधारायला’ जात नाहीत. हा गुण लहान नाही.

मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. मागच्या वर्षीची फाइल उघडायची आणि तारखा बदलायच्या, ही सगळ्याच प्रेसची पद्धत. पण रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: अ वर्षात मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. ३० नोव्हेंबर २०२५ च्या आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून अ वर्ष लागलं. जुन्या फाइलवर तारीख नवी आणि शुभवर्तमान लूकचं राहिलं, तर वेदीवरचं वाचन एक आणि लोकांच्या हातातलं दुसरं. लग्नाच्या घोषणेतली नावंही बाप्तिस्मा नोंदवहीवरून लिहूनच द्या. फोनवर सांगितलेलं आडनाव तीन रविवार चुकीचं छापलं जातं आणि बोलणी सचिवाला बसतात.

कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) घेतला तर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. ८० घ्या, फरक थोडक्या पैशांचा आहे. मजकूर ११ पॉइंटच्या खाली नको. मागच्या बाकांवरच्या आजी-आजोबांसाठी १३ बरा. मजकुराचा काळा रंग चार रंगांच्या मिश्रणातून नको, एकट्या काळ्या शाईचा हवा. नाहीतर ऑफसेटवर छपाई केसभर सरकली तरी अनुस्वार दोन दिसतात. डिजिटलवर दोन्ही बाजू छापताना ‘शॉर्ट एज’ (कागद आखूड कडेवर उलटवायचा) सांगायला विसरलात तर आतली दोन्ही पानं उलटी येतात. शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल परवडतं. नाताळ आणि ईस्टरच्या मोठ्या आवृत्तीला ऑफसेटची प्लेट काढलेली बरी.

फेब्रुवारीचा अंक वेगळा. २५ तारखेला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारिया यांचा सण, त्यांची कबर आहे त्या उदयनगरला जाणाऱ्यांची माहिती द्यायची असते आणि फोटो हवाच असतो. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं गेलं. त्या सोहळ्याचे व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून आकसलेले फोटो छापायला नेऊ नका. ए-५ पानाच्या पूर्ण रुंदीला साधारण १८०० पिक्सेल लागतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कव्हरला १३० जीएसएमचा आर्ट पेपर घेतलात तर घडीआधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच) करून मागा, नाहीतर गडद रंगाचा टोनर घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. हे इथे न सांगता होत नाही. कापलेल्या एका ताऱ्यातला अर्धा इथेच गेला.

उरलेला अर्धा वेळेसाठी. काउंटरवर “शाम तक दे देंगे, भिया” ऐकलं की ती संध्याकाळ शनिवारची धरावी. घडी घालायला रात्री युवक मंडळाच्या चार पोरांना बसवावं लागतं. मिस्सांची यादी गुरुवारी दुपारपर्यंत बंद करा आणि प्रूफ त्याच दिवशी मागा. डिसेंबरात कॅलेंडर-डायऱ्यांचा हंगाम असतो, तेव्हा नाताळचं काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाकलेलं बरं. आणि रंगपंचमी बघून घ्या. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडे गाडी नेण्याचा विचारही नको. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती आणि ईस्टर ३१ ला. असं जुळून आलं की पवित्र आठवड्याचं सगळं वेळापत्रक, झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत, आदल्या आठवड्यातच एकाच कागदावर छापून आणा. ईस्टरचं पत्रक बुधवारी ताब्यात घ्या.

एरवीही दुचाकीच न्या. बिल पॅरिशच्या नावाने हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. नंतर बदलून देतात, पण त्यासाठी पुन्हा एक खेप पडते.