ट्रायल घ्यायची तर कोणती? कंपनीची, डॉक्टरांची की पहिल्या टप्प्यातली

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा ‘ट्रायल’, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून पाहणारा अभ्यास, हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा निघाला तो तिसऱ्या केमोनंतर. मी धावपळ करून एक अभ्यास शोधला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “आधी केमो झालीय का?” त्यांना केमो न घेतलेलेच पेशंट हवे होते. आम्ही जिथे उपचार घेत होतो तिथे हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. रक्ताचा कॅन्सर सोडून बाकी गाठीच्या कॅन्सरसाठी, म्हणजे तोंड, स्तन, फुप्फुस, आतडं, गर्भाशयाचं मुख अशांसाठी, ट्रायल शोधणाऱ्या घरांकरता.

शोधायच्या जागा दोन. आपली सीटीआरआय ही आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, ट्रायलची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, आणि अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह २००० पासून. अमेरिकेच्या साइटवर शोधणं सोपं: आजार लिहा, देश ‘इंडिया’ निवडा, पेशंट घेणं चालू असलेल्याच ट्रायल मागवा. सीटीआरआयची मांडणी किचकट आहे, पण तिथे प्रत्येक केंद्राच्या डॉक्टरांचं नाव आणि फोन असतो, आणि भारतातल्या डॉक्टरांनी स्वतः चालवलेले पुष्कळ अभ्यास फक्त तिथेच सापडतात. माझं मत विचाराल तर सुरुवात सीटीआरआयपासून करा. ‘पेशंट घेणं चालू’ असं लिहिलेलं दोन्हीकडे शिळं असू शकतं, तेव्हा फोन केल्याशिवाय आशा धरू नका आणि सोडूही नका.

आता खरी निवड. कंपनीची ट्रायल म्हणजे औषध कंपनी नव्या औषधासाठी एकाच वेळी अनेक देशांत चालवते ती. ट्रायलचं औषध फुकट, ट्रायलसाठीच्या तपासण्या फुकट, बहुतेक ठिकाणी येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. बाजारात ज्याची किंमत ऐकून माणूस खाली बसेल, असं औषध कधीकधी असंच हाती येतं. पण दार अरुंद. पेशंट स्वतःचं स्वतः करतो का, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, याला डॉक्टर गुण देतात, आणि गुण जितके कमी तितकी तब्येत चांगली. ते शून्य किंवा एक असतील तरच बऱ्याच ट्रायल घेतात. सीटी स्कॅनवर मोजता येईल अशी गाठ लागते, साधारण १० मिलिमीटर किंवा मोठी. आधीचं औषध बंद करून काही आठवडे थांबावं लागतं, आणि हे थांबणं घरच्यांच्या जिवावर येतं. मग दर सहा-आठ आठवड्यांनी स्कॅन. गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के घटली तर औषध लागू पडलं, २० टक्के वाढली तर आजार वाढला असं धरतात आणि सहसा ते औषध थांबतं. सांगली-सोलापूरहून मुंबईला हे करायचं तर सोबतीला एक माणूस कायमचा मोकळा हवा.

डॉक्टरांनी स्वतः उभे केलेले अभ्यास वेगळे. त्यांत औषध बहुधा जुनंच असतं, प्रश्न नवा असतो. परळच्या टाटा हॉस्पिटलचंच उदाहरण घ्या. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, औषध चालतं, पण पूर्ण डोस आपल्याकडे फार थोड्यांना परवडतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर? नेहमीच्या डोसच्या हे दहा टक्केही नाही. १५१ पेशंट घेतले. सगळ्यांना स्वस्तातल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, निम्म्यांना सोबत हा छोटा डोस. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरच्या शंभरातले सुमारे १६ जिवंत होते, डोस मिळालेल्यांतले सुमारे ४३. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध कमी वापरून भागतं का, हा प्रश्न औषध विकणारा सहसा विचारत नाही. तो इथल्या ओपीडीतली गर्दी रोज पाहणाऱ्या डॉक्टरांनाच पडतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्येही असंच झालं. ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे साध्या भुलीच्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं. भारतातल्या ११ केंद्रांत १६०० बायकांवर हा अभ्यास झाला, आणि पाच वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्यांतल्या ८६.४ टक्के हयात होत्या, मिळालेल्यांतल्या ९०.१ टक्के. अशा अभ्यासात पेशंटला जास्तीचं जवळजवळ काहीच करावं लागत नाही. मात्र खर्चाचं आधी नीट विचारा. नेहमीच्या उपचाराचा भाग असलेलं औषध आणि स्कॅन इथे बहुधा तुमच्याच खिशातून किंवा सरकारी योजनेतून जातात.

पहिल्या टप्प्याची ट्रायल ही तिसरी वाट, आणि इथे मी सगळ्यात जपून बोलेन. तिचा पहिला हेतू डोस किती सोसवतो हे ठरवण्याचा. ‘नवीन औषध आलंय’ एवढं ऐकून सही करू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या अशा ट्रायलमधल्या गाठीच्या कॅन्सरच्या पेशंटांचा हिशेब २०२२ मध्ये आला: २००० ते २००५ च्या सुमारास शंभरातल्या साधारण १० जणांची गाठ आकसत होती, २०१३ ते २०१९ मध्ये १८ जणांची. औषधामुळे मृत्यू शंभरात एकाहून कमी. म्हणजे पूर्वीसारखी ती अगदी अंधारातली उडी नाही, पण पाचातल्या चौघांची गाठ आकसत नाही. नेहमीचे उपचार संपलेत, तब्येत अजून धरून आहे आणि पेशंटची स्वतःची इच्छा आहे, तरच या वाटेचा विचार करावा. इच्छा पेशंटची, मुलांची नव्हे.

दोन भीती सगळीकडे ऐकू येतात. एक, “नुसती साखरेची गोळी देतील.” कॅन्सरमध्ये उपयोगी उपचार असताना पेशंटला विनाउपचार ठेवत नाहीत, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा इंजेक्शन, असलाच तर तो बहुधा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला असतो. दुसरी, “एकदा सही केली की अडकलो.” कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि नेहमीचा उपचार चालू राहतो. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही द्यावी लागते. माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं. मराठीतलं मागा, आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणा. कुणी “इथेच पटकन सही करा” म्हणालं तर उठून घरी या.

या वर्षी नणंदेची बायोप्सी आली. स्तनातली गाठ. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी मी ओपीडीत विचारलं, “हिच्यासाठी आत्ता कुठली ट्रायल चालू आहे का? आणि आज उपचार सुरू केले तर कुठली बंद होईल?” डॉक्टरांनी फाईल तिथल्या अभ्यासांचं काम पाहणाऱ्या रिसर्च कोऑर्डिनेटरकडे पाठवली. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा), त्याच्या काचेवरच्या स्लाइड्स, रिपोर्ट, स्कॅनची सीडी, चालू गोळ्यांची यादी, सगळं मी एका पिशवीत नेलं होतं. दोन अभ्यास निघाले. एकात ती बसली नाही. दुसऱ्याचं मराठी माहितीपत्रक घरी आलंय, आणि रात्री जेवणं झाली की ती पेन्सिल घेऊन त्यावर खुणा करत बसते. शुक्रवारी ते सगळे प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.