फेअरफिल्डची अरबी मदतसंस्था: काउंटर झकास, जेपी मात्र आठवड्यातून एकदाच

पश्चिम सिडनीत चर्चच्या हॉलमध्ये चालणारी, अरबी बोलणाऱ्यांना कागदपत्रांत मदत करणारी ही संस्था. तक्रार करायची आहे, म्हणून नाव घेत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने सीरिया-इराकच्या निर्वासितांसाठी १२,००० जादा जागा जाहीर केल्या, त्यातल्या बऱ्याच जणांनी फेअरफिल्डमध्ये बस्तान बसवलं. गर्दी त्यांचीच. धर्म कोणी विचारत नाही. मुस्लिम कुटुंबंही रांगेत असतात.

आता तक्रार. सत्यप्रतीवर सही करणारा जेपी (जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे कागद साक्षांकित करायचा अधिकार असलेला माणूस) फक्त गुरुवारी, तोही दोन तास. न्यू साउथ वेल्समध्ये जेपीला पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे सही फुकट. झेरॉक्स मात्र आपली आपण. तिथलं मशीन नाणी खातं आणि काउंटरवर सुटे मिळत नाहीत! घरूनच काढून न्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंसकट. मूळ कागद हवाच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. प्रतिज्ञापत्रावर घरून सही करून नेलं तर फॉर्म वाया; सही जेपीसमोर, चेहरा उघडा, ओळखपत्र हातात. निघताना त्याच्या सहीखाली नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. तो राहिला म्हणून शेजारच्या इराकी कुटुंबाचा अर्ज परत आला आणि पुढच्या गुरुवारची वाट बघत बसावं लागलं. कौन्सिलच्या बऱ्याच लायब्रऱ्यांत जेपी बसतात, तेही फुकट. एवढी एक पाटी दारावर लावायला काय जातं?

भाषांतर तिथेच करून देत नाहीत, याचाही आधी राग होता. तो आता नाही. सरकारी कामाला नाटी-प्रमाणित (नाटी म्हणजे भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संस्था) भाषांतरकारच लागतो, काउंटरवरच्या बाईंनी कितीही सुंदर लिहून दिलं तरी उपयोग शून्य. त्याऐवजी त्या सरकारच्या मोफत भाषांतर सेवेचा ऑनलाइन अर्ज भरून देतात. पात्र व्हिसा मिळाल्यापासून पहिली दोन वर्षं, दहा कागदांपर्यंत. आधी जन्मदाखला, लग्नाचा दाखला, लायसन्स, पदव्या; दहाचा आकडा बघता बघता भरतो. मुदत टळली की पदरचे डॉलर.

दुभाष्यासाठी सरकारी दुभाषा सेवेचा १३१ ४५० हा फोन लावताना नुसतं ‘अरबी’ सांगू नका. इराकी ख्रिस्ती घरांतल्या आजी-आजोबांची भाषा बहुधा असीरियन किंवा खाल्डियन असते. अरबी दुभाषा आला की ते मान डोलावतात आणि चुकीच्या चौकटीवर खूण होते. काउंटरवर हे आपणहून विचारतात, इथे पैकीच्या पैकी गुण.

वीजबिल भरायला राज्य सरकार अडचणीतल्या घरांना देतं त्या ईएपीए मदतीसाठी बिल अर्जदाराच्याच नावावर हवं, सगळी पानं हवीत आणि ते भरलेलं नसावं. लाज वाटून आधी उसनवारी करून बिल भरतात आणि मग येतात, अशांना हात हलवत परत जावं लागतं.