रिकाम्या टेबलावरच्या फोनने ३,८७,४६० रुपये उडवले

सोमवारी सकाळी फोन कंपनीचं पोर्टल उघडलं आणि मला वाटलं, स्वल्पविराम चुकीच्या जागी पडलाय. आमचं महिन्याचं बिल चार हजारांच्या आतबाहेर असतं. तिथे ३,८७,४६० दिसत होते. शुक्रवारी रात्री ११:४३ पासून रविवारी संध्याकाळी ४:५० पर्यंत १,१४६ कॉल, ९,३१२ मिनिटं. या सगळ्या वेळात ऑफिसला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटते. घरीसुद्धा खरा आकडा एकाच माणसाला माहीत आहे. पण परवा एका ओळखीच्या ऑफिसात आमचा व्हॉइसमेल (फोन न उचलल्यास निरोप रेकॉर्ड करणारी सोय) दुरुस्त करून देणाऱ्यासारखाच एक माणूस तसंच गोड बोलत "मॅडम, व्हॉइसमेलचं टेन्शन माझ्यावर सोडा" म्हणून गेल्याचं कळलं, मग गप्प बसवेना.

आधी एक सांगते, मी बावळट नाही. ओटीपी, बक्षीस, अडकलेलं पार्सल, हे फोन मला रोज येतात आणि मी ते रोज कापते. पण माझ्याकडे कुणी ओटीपी मागितलाच नाही. माझ्याच गरजेतून, मीच बोलावून, मीच पैसे देऊन हे झालं.

आमची बारा एक्स्टेन्शनची (आतल्या फोनांची) छोटी फोन सिस्टिम, ॲस्टेरिस्क या फुकट सॉफ्टवेअरवर चालणारी. बसवून देणारा मुलगा परदेशी गेला, तेव्हापासून ती देवाच्या भरवशावर. ऑफिसची मेल नवीन जीमेल खात्यावर नेली आणि त्या दिवसापासून व्हॉइसमेलची रेकॉर्डिंग मेलवर येईनाशी झाली. लोक निरोप ठेवायचे, आम्हाला पत्ताच नाही. एक जुना ग्राहक तीन निरोप ठेवून थकला आणि दुसरीकडे गेला. मी वैतागून सिस्टिमचं नाव आणि पुढे 'हेल्पलाइन' टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो नंबर वर होता कारण ती जाहिरात होती. शब्द बारीक अक्षरात लिहिलेला असतो, दिसतो, आपण वाचत नाही.

पलीकडचा माणूस हुशार, निदान बोलण्यात तरी. स्क्रीन शेअर करून घेतली, काळ्या खिडकीत भराभर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमची लायसन्स फाइल करप्ट झालीय." ज्या सिस्टिमचं लायसन्स विकत घ्यावंच लागत नाही, तिची लायसन्स फाइल! मला तेव्हा काय माहीत. दुरुस्तीचे १४,५०० आणि वर्षाच्या देखभालीचे ६,०००. म्हणजे २०,५०० मी हसत हसत दिले, वर पावती न मागता.

खरा बिघाड काय होता, तेही सांगते, म्हणजे तुमचे वाचतील. गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर लॉगिन करणाऱ्या ॲप आणि उपकरणांना दार बंद केलंय. खात्याचं टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करायचं, त्या सिस्टिमपुरता सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा, तो सिस्टिमच्या मेल सेटिंगमध्ये टाकायचा. दहा मिनिटांचं काम. भाच्याने नंतर मला ते शेजारी बसून दाखवलं. त्या दहा मिनिटांचे मी २०,५०० मोजले, आणि ते तर या गोष्टीतलं किरकोळ नुकसान आहे.

मेल सुरू झाली, मी खूश. मग त्याने विचारलं, "मॅडम, तुमचा स्टाफ बाहेर असतो तेव्हा ग्राहकाला परत फोन कुठल्या नंबरवरून करतात?" म्हटलं, ज्याच्या त्याच्या मोबाइलवरून. "मग ग्राहकाकडे त्यांचे पर्सनल नंबर जातात. उद्या माणूस नोकरी सोडून गेला की ग्राहकही घेऊन जातो." हे माझं वर्मच होतं. दोन वेळा असंच झालंय आमच्याकडे. त्याने उपाय सांगितला: बाहेरून ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा, आपल्या व्हॉइसमेलमध्ये शिरायचं, निरोप ऐकायचा, ३ दाबायचं, मग २. समोरच्याला थेट कॉल, आणि त्याला नंबर दिसतो ऑफिसचा. मी म्हटलं, वा! जादाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत त्याने. फुकट मिळालेली सोय होती ती, आणि मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

ॲस्टेरिस्कच्या व्हॉइसमेल सेटिंगमध्ये दोन ओळी असतात, कॉलबॅक आणि डायलआउट. मुळात त्या रिकाम्या असतात. रिकाम्या असल्या की '३ मग २' (निरोप ठेवणाऱ्याला परत फोन) आणि '३ मग ४' (हवा तो बाहेरचा नंबर फिरवा) हे पर्याय मिळतच नाहीत. त्याने दोन्हीकडे आमचा आतल्या फोनांचा कॉन्टेक्स्ट (कुणाला कुठे फोन लावता येईल याची नियमावली) टाकला. म्हणजे मेलबॉक्समध्ये (निरोपांच्या पेटीत) शिरलेल्या माणसाला आमच्या टेबलावर बसलेल्या माणसाइतकेच अधिकार, आंतरराष्ट्रीय कॉलसकट. आणि 'टेस्टिंगसाठी' सगळ्या मेलबॉक्सचे पिन एक्स्टेन्शनच्या नंबराइतके करून ठेवले. २०१ चा पिन २०१, २०२ चा २०२. "नंतर ज्याने त्याने बदलून घ्या." कुणीही बदलले नाहीत. मीही नाही.

आता तो शुक्रवार. हा भाग मी रात्री झोप न लागता इतक्या वेळा पाहिलाय की पाठ झालाय.

दुपारी चारच्या सुमारास रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ताई, त्या रिकाम्या टेबलावरच्या फोनचा दिवा सकाळपासून लुकलुकतोय." ते टेबल आठ महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचं. एक्स्टेन्शन २०४. फोन तसाच होता, वर धूळ, आणि कोपऱ्यातला लाल दिवा लुक लुक. मी जाऊन निरोप ऐकायचं स्टार ९७ दाबलं. पासवर्ड विचारला. मी २०४ दाबलं. उघडला. तीन निरोप होते. पहिला लावला: चार-पाच सेकंद नुसती खरखर, मग फोन ठेवल्याचा आवाज. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मी तिन्ही पुसून टाकले आणि रिसीव्हर ठेवला. म्हटलं, राँग नंबर.

जो माणूस इथे आठ महिने नाही त्याची पेटी मी तीन आकडे दाबून उघडली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही की मला उघडली तर कुणालाही उघडेल. त्या तीन मुक्या निरोपांचा कॉलर नंबर पाहिला असता तर कळलं असतं. ते निरोप ऐकवायला ठेवलेलेच नव्हते. ज्या नंबरावर कॉल हवेत तोच नंबर खोटा कॉलर आयडी म्हणून लावून निरोप ठेवायचा, मग पेटीत शिरून '३ मग २' दाबायचं. सिस्टिम आपली आज्ञाधारकपणे 'निरोप ठेवणाऱ्याला' परत फोन लावते.

आणि हेही पुरेसं नव्हतं. जागेवर येऊन मी कॉलची यादी सहज उघडली, मेलचं पाहायला. तिथे २०४ वरून बाहेर गेलेले तीन कॉल होते. सहा सेकंद, सात सेकंद, सहा सेकंद. सुरुवात ००२५२. मी त्या दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं! तो म्हणाला, "हो मॅडम, मीच टेस्ट करत होतो." मी 'थँक यू' म्हटलं. २५२ हा सोमालियाचा कोड आहे. आमच्या व्हॉइसमेलची टेस्ट करायला याला सोमालियाला फोन का लावावा लागतो, हे मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी एका ग्राहकाचा मेसेज आला, "तुमचा नंबर सतत एंगेज लागतोय." मला बरं वाटलं. खरंच सांगते, मला वाटलं धंदा वाढला. आमच्या लाइनवर दहा चॅनल आहेत, म्हणजे एका वेळी दहा कॉल. एक चोर आत यायला एक चॅनल, बाहेर जायला दुसरा. पाच-पाच कॉल एकाच वेळी चालले होते आणि मी त्या मेसेजवर हसरा चेहरा पाठवला.

पुढचं गणित तुम्हाला माहीत असेलच. ज्या महागड्या नंबरांवर हे कॉल जातात त्यांच्या मिनिटामागे नंबरवाल्याला, म्हणजे चोरांच्याच टोळीला, वाटा मिळतो. पलीकडे कुणी बोलत नसतं. पुष्कळदा कॉल त्या देशापर्यंत पोचतही नाही, मध्येच कुठेतरी उचलला जातो आणि मीटर पळत राहतं. यादीत सोमालियानंतर ३७१, म्हणजे लाटविया. तिथे आमचं कोण आहे? शनिवार-रविवार निवडतात, कारण बघायला कुणी नसतं. २०११ मध्ये ब्रिटनमधलं १६८ वर्षांचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक बंद पडलं, ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात. तिथेही न बदललेले डिफॉल्ट पिन कामी आले होते. ती बातमी मी तेव्हा चवीने वाचली होती. वाचून काय उपयोग.

आता ज्यांच्याकडे दाद मागायला गेले त्यांच्याबद्दल.

फोन कंपनीच्या हेल्पलाइनवर सोमवारी सव्वा तास धरून ठेवलं आणि शेवटी मशीन म्हणालं, "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया बीपनंतर आपला निरोप ठेवा." व्हॉइसमेल! मी तो निरोप ठेवला, त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. तक्रारीचं तिकीट काढलं, दोन दिवसांत बंद. कारण: कॉल ग्राहकाच्या उपकरणातून गेले, जबाबदारी ग्राहकाची. करारात तसं कलम आहे, वाचलं मी नंतर. पुन्हा तिकीट, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा एक बाई फोनवर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला पुढच्या कंपनीला पैसे द्यावेच लागतात." बरं. पण चार हजारांचं बिल असलेल्या गिऱ्हाइकाचं मीटर एकेचाळीस तासांत जवळजवळ शंभरपट पळतं आणि तुमच्या एकाही मशीनला शंका येत नाही? दोनशे रुपये थकले तर दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, तेव्हा कुठून जागं होतं ते मशीन? आंतरराष्ट्रीय कॉल बंद करा असा अर्ज सोमवारीच दिला, तो मंजूर व्हायला अकरा दिवस. चालू करायला मात्र अर्जच लागला नव्हता, ते आपोआप चालू होते. फसवणूक विभागाचा म्हणून दिलेला ईमेल 'पत्ता अस्तित्वात नाही' म्हणून परत आला.

पोलीस ठाण्यात विचारलं, "काय चोरीला गेलं?" म्हटलं, मिनिटं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोन तुमच्याकडेच आहे ना?" आहे. "मग?" तिथून सायबर पोलिसांकडे. तिथला तरुण अधिकारी नम्र होता, पण त्याच्यासमोरच्या फॉर्मपुढे तोही हतबल. ओटीपी दिला होता का? नाही. लिंकवर क्लिक केलं? नाही. खात्यातून पैसे गेले? नाही, बिल आलं. "मग मॅडम, हे बिल आहे. फसवणूक कशी म्हणायची?" मी १,१४६ ओळींची यादी छापून नेली होती, चोवीस पानं. त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारून दिला. त्या दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला तर म्हणाले बंद आहे. मलाही माहीत होतं, मी रोज लावते. तो सामील होता हे मी सिद्ध करू शकत नाही. पण 'मीच टेस्ट करत होतो' हे त्याने मला सांगितलंय आणि ते माझ्या कानात आहे.

ज्यांच्याकडे अशी सिस्टिम आहे त्यांनी हे वाचणं थांबवून आधी कॉलबॅक आणि डायलआउटच्या त्या दोन ओळी बघाव्यात. भरलेल्या असतील तर पुसा. माणूस नोकरी सोडून गेला की टेबल झाडायच्या आधी त्याचा मेलबॉक्स काढा. आपल्याच ऑफिसला बाहेरून फोन लावा, कुणाचं तरी ग्रीटिंग ('निरोप ठेवा' असं सांगणारं रेकॉर्डिंग) चालू असताना स्टार दाबून बघा. पासवर्ड विचारला तर जगालाही विचारतो. पिन सहा आकड्यांच्या खाली नको, आणि एक्स्टेन्शनचाच तर मुळीच नको. परदेशी फोन करत नसाल तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्या, लेखी, आणि रोजच्या खर्चाची मर्यादाही लेखी. नुसतं आपल्या सिस्टिममध्ये बंद करून भागत नाही, कारण शिरलेला माणूस तिथूनच चालू करतो. स्क्रीन शेअरिंगचं ॲप काम झाल्यावर काढून टाका; माझ्याकडे ते सहा आठवडे तसंच होतं. दुरुस्ती करणाऱ्याला 'कुठली ओळ बदललीत?' असं विचारा आणि लिहून घ्या. चिडला तर दार दाखवा.

अखेर कंपनीने मोठं मन करून १,९४० रुपये विलंब शुल्क माफ केलं आणि बाकीच्याचे बारा हप्ते पाडून दिले. अकरा ३२,२८८ चे, शेवटचा ३२,२९२ चा. तिसरा काल भरला. तिकिटाच्या जागी आता 'निराकरण झाले' असं हिरव्यात येतं आणि सेवा कशी वाटली ते पाचपैकी सांगा असा मेसेज.

२०४ चा फोन मी वायर काढून कपाटात टाकला, मेलबॉक्स काढला. तरी रोज रात्री दोन-अडीचला कुणीतरी आमच्या नंबरवर फोन करून २०४ दाबून बघतं. सकाळी आल्यावर मी त्या ओळी मोजते. काल अकरा होत्या.